भिंतीआडचं शोधायला कोणता सेन्सर घ्यावा?

सळई किंवा तांब्याची वायर शोधायची असेल तर साधा मेटल डिटेक्टर पुरतो. पीव्हीसी पाइप मात्र त्याला कळतच नाही. गरम पाण्याच्या लाइनसाठी गीझरचा नळ १० मिनिटं सोडून थर्मल कॅमेरा फिरवा. तो भिंतीच्या आत बघत नाही (विकणारा काहीही सांगो), फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो.

बाकीच्या कामाला जीपीआर, म्हणजे भिंतीत रेडिओ लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून आत काय आहे ते दाखवणारं रडार. काँक्रीटमध्ये १.६ ते २ गिगाहर्ट्‌झचा अँटेना साधारण ३० सेंमीपर्यंत बारकावे देतो. साताऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतीला ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा घ्या. लहरी जास्त खोलवर पोहोचतात, पण बारकावा जातो. सांगलीत पुराचं पाणी लागलेली भिंत पुरती वाळल्याशिवाय स्कॅन करू नका, ओल लहरी गिळते. सळयांची जाळी दाट असेल, तर पलीकडच्या बाजूनेही स्कॅन घ्या.