खाडीत होडी कुठून उतरवावी: ठाणे-नवी मुंबईत जागा शोधण्याची रीत

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे पाणी आहे, तरी गळ किंवा पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला स्वतःची छोटी होडी घेऊन निघालेल्या माणसाला ती उतरवायला जागा सापडत नाही. अडचण पाण्याची नाही, चिखलाची आहे. भरतीला कुठूनही उतरता येईल असं वाटतं आणि चार तासांनी त्याच जागी गुडघाभर गाळ उघडा पडलेला असतो. त्यामुळे जागेची परीक्षा उतरताना नव्हे, परत येताना होते. जागा ठरवायची तर ओहोटीला जाऊन बघायची.

खालची माहिती १० ते १४ फुटी फायबरची होडी, हवा भरायची होडी किंवा कयाक यांच्यासाठी आहे. मोठ्या, यांत्रिक होडीवाल्याला बंदर शोधावं लागत नाही, त्याला ते ठाऊकच असतं.

आधी नकाशा, मग पाय

उपग्रह नकाशावर तीन खुणा शोधा. पाण्याच्या काठाशी जाऊन संपणारा रस्ता. कांदळवनातून खाडीपर्यंत गेलेली, पाणी दिसणारी अरुंद वाट. आणि काठाला ओळीने लागलेल्या होड्या. तिन्ही एकत्र दिसल्या की तिथे कोळीवाडा असणार. नकाशावर जुनी छायाचित्रं बघायची सोय असेल तर ओहोटीच्या वेळी घेतलेलं छायाचित्र शोधा. काठापासून पाण्यापर्यंत किती रुंद करडा पट्टा उघडा पडतो ते त्यात दिसतं.

मग प्रत्यक्ष जा, पण अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, सुकतीच्या म्हणजे पूर्ण ओहोटीच्या वेळी. उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत खाली जातं, तेव्हा धक्क्याचा पायथा, दगड, बुडालेले खांब, गाळात रुतलेल्या जुन्या होड्या सगळं दिसतं. सोबत दहा फुटी बांबू न्या. धक्क्याच्या पायथ्याशी उभं राहून तो चिखलात दाबा. हाताच्या साध्या जोराने फूटभर आत गेला तर त्या चिखलात उतरून होडी ढकलायची नाही, म्हणजे ती जागा फक्त भरतीची.

त्याच वेळी पाणी धक्क्याच्या पायथ्याला नेमकं टेकतं तो क्षण गाठा, घड्याळ बघा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या वेळची पाण्याची उंची काढून लिहून ठेवा. हा त्या जागेचा आकडा. सगळं गणित त्यावर चालतं. तक्ते बहुधा मुंबईच्या अपोलो बंदराचे असतात आणि खाडीत वर जावं तशी भरती उशिरा पोहोचते. बेलापूरला फरक कमी, ऐरोली-कोपरीला जास्त. तुमच्या जागी किती, ते दोन वेगवेगळ्या दिवशी बघून नक्की करा.

बाराव्या हिश्शाचं गणित

भरतीनंतर पाणी सहा तासांत उतरतं, पण सारख्या वेगाने नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो.

समजा उधाणाचा दिवस आहे. दुपारी १२ ला भरती ४.४ मीटर, संध्याकाळी सव्वासहाला सुकती ०.६ मीटर, म्हणजे उतार ३.८ मीटर. तुमच्या धक्क्याचा पायथा २ मीटरला उघडा पडतो. होडी आणि इंजिनाचा पंखा तरंगायला त्यावर अर्धा मीटर पाणी हवं, म्हणजे २.५ मीटर. १ वाजता पाणी साधारण ४.१ मीटर असतं, २ वाजता ३.४५ आणि ३ वाजता २.५. तीनला परत यायलाच हवं. पुढच्या अर्ध्या तासातच आणखी जवळपास अर्धा मीटर पाणी जातं आणि पायथा कोरडा पडायला लागतो. पुन्हा २.५ मीटर पाणी व्हायला रात्रीचे सव्वानऊ वाजतात. अर्धा तास उशीर झाला की सहा तास डासांत, तेही अंधारात.

आता भांगाचा दिवस घ्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तो, अष्टमीच्या आसपासचा. भरती ३.२, सुकती १.९. इथेही २.५ ची वेळ भरतीनंतर तीनेक तासांनीच येते, पण चुकलं तरी पाणी पायथ्यापासून फार लांब जात नाही. होडी ओढून काढता येते. शिवाय प्रवाह मंद असतो. नवख्याने उधाणाला निघूच नये.

तक्ता हाताशी नसेल तर जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच चालतं. अंदाज अर्ध्या-एक तासाने चुकतो, म्हणून दिवस निवडायला वापरा, परतीची वेळ ठरवायला नको. पण दिवस निवडायला ही रीत उत्तम आहे. एकादशी-द्वादशीला उजेड पडल्यावर चढत्या पाण्यात निघायचं आणि अकराच्या आत परतायचं. उधाण पुरतं चढलेलं नसतं आणि दुपारचा वारा सुटण्याआधी होडी काठावर असते.

कोणत्या बाजूला काय मिळतं

नवी मुंबईच्या काठाला दिवाळे, करावे, सारसोळे, वाशीगाव, कोपरखैरणे, घणसोली, दिवा-ऐरोली अशी कोळी-आगऱ्यांची गावं आहेत आणि बहुतेकांचा स्वतःचा धक्का किंवा उतार आहे. दक्षिणेकडे, म्हणजे दिवाळे-बेलापूरकडे, पाणी जास्त वेळ टिकतं. वर जाल तशी खाडी उथळ होते आणि उतरायची वेळ आखडते. पण वाशी पुलाच्या दक्षिणेला खाडी रुंद आणि उघडी आहे. दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि लाटा सरळ नवी मुंबईच्या काठावर येतात, त्यामुळे सकाळी शांत असलेल्या उतारावर तीन वाजता होडी दगडांवर आपटते. सारसोळेसारख्या ठिकाणी जाताना टेम्पो पाम बीच रस्त्यावर उभा करायचा विचार सोडा, गावाच्या बाजूने आत या.

ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला, मुख्यतः पश्चिमेकडचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली ठाणे खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तिथे हौसेची होडी घालण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारा. ऐरोलीच्या केंद्रातून पक्षी बघायला बोटी सुटतात, ती जागा आपली होडी उतरवायला नाही. समोर मुंबईच्या काठाला, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राचा काठ आहे, त्याच्या जवळपासही फिरकू नका. बेलापूर-नेरूळचे प्रवासी धक्केही यादीतून काढा. सिडकोचे धारण तलाव नकाशावर मोहात पाडतात, पण ते पावसाचं पाणी साठवण्यासाठी आहेत, तिथून खाडीत होडी नेता येत नाही.

ठाण्यात दोन वेगळी पाणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. चेंदणी, कोपरी, विटावा हा ठाणे खाडीचा वरचा, अरुंद, गाळाने भरलेला भाग. भरतीच्या माथ्याचे दोन-अडीच तास सोडले तर इथे कयाकशिवाय काही चालत नाही. बाळकुम, कोलशेत, नागला बंदर, गायमुख हा उल्हास नदी आणि वसई खाडीचा काठ. इथे पाणी खोल आहे आणि वाराही डोंगरामुळे थोडा अडतो. पण प्रवाह जोरदार, आणि रेती उपशामुळे तळ खड्ड्याखड्ड्यांचा. कमरेएवढ्या पाण्यात होडी ढकलताना पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडू शकतं. मुंब्रा-पारसिकच्या रेतीबंदराला तर हे खास लागू. म्हणून होडी काठाशीच तरंगली पाहिजे, आत चालत न्यायची नाही, आणि जीवरक्षक जाकीट होडी उतरवण्याआधीच अंगात हवं.

जिताडा, तांबोशी, बोय, शिंगाळा आणि चिंबोऱ्या दोन्हीकडे मिळतात. जिताड्यासाठी कांदळवनातल्या खाजणांची तोंडं बरी, पण तिथेच गावकऱ्यांची जाळी लागलेली असतात.

विचारायचं कोणाला

धक्का सरकारी असला तरी वापर गावाचा असतो. आधी एकदा होडी न घेता जा आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसांना किंवा धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या वडीलधाऱ्याला विचारा. ‘काका, इथून होडी उतरवली तर चालेल का, आणि तुमची डोल कुठे लागलीय?’ एवढं पुरे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. डोल म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात लावलेलं पिशवीसारखं जाळं. जाळ्याच्या खुंटांची ओळ पाण्याखाली असते आणि जाळ्याचे तरंगते बोये लांबून दिसत नाहीत. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन जातं ते जातं, दुसऱ्याचं हजारोंचं जाळंही फाटतं. मासळी उतरायच्या वेळी टेम्पो आडवा लावू नका, दुसऱ्याच्या खुंटाला दोर बांधू नका, आणि नारळी पौर्णिमेला पाहुणे म्हणून जा, होडी घेऊन नको.

कागदांचंही बघून ठेवा. होडीतून मासे धरायचे तर मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी आणि परवाना लागतो, १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. नुसत्या फिरण्याच्या होडीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करा. यांत्रिक होड्यांना पावसाळी बंदी असते, नेहमीप्रमाणे १ जूनपासून. शेवटची तारीख त्या वर्षीच्या आदेशात पाहा. ओळखपत्र जवळ असू द्या, सागरी पोलीस विचारतात. सागरी सुरक्षेचा फोन १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. काठावरचं कांदळवन तोडून वाट करणं हा गुन्हा आहे, चार फांद्यासुद्धा.

प्रत्यक्ष उतरवताना

ट्रेलर आपल्याकडे कमी, बहुतेक होड्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर येतात. त्याचा हौदा सुमारे सात फुटी, म्हणजे बारा फुटी होडी पाचेक फूट बाहेर राहते. जड बाजू केबिनकडे, दोन ठिकाणी पट्टे, मागे लाल फडकं. टेम्पो पाण्यात घालू नका. ओल्या शेवाळावर मागची चाकं गेली की तो आपणहून खाली सरकतो. कोरड्या भागात थांबवा, चाकांखाली दगड लावा आणि होडी चार इंची पीव्हीसी पाइपच्या तीन तुकड्यांवरून घरंगळत न्या. मागे मोकळा झालेला तुकडा पुढे आणून लावायचा. होडीच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही.

निघण्याआधी तळाचं बूच बसवलंय का ते हाताने चाचपा, बहुतेकांचं इथेच चुकतं. पायात नाडीचे जुने बूट घाला. गमबूट चिखलात रुततात आणि अनवाणी पायाला कालवांची धार कापते. हवेच्या होडीला तर त्या कालवांपासून फूटभर लांबच ठेवा. इंजिन चालू झाल्यावर मागून थंडाव्याच्या पाण्याची धार येते का बघा. ती बारीक झाली म्हणजे गाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली, लगेच बंद करा. या खाडीत पिशव्या इतक्या आहेत की चाकू, वल्ही आणि दोर लावलेला नांगर नसताना निघणं मूर्खपणा आहे.

कोणी चिखलात रुतलंच तर पाय उपसायची झटापट करू नये. मागे रेलून बसावं, वजन होडीच्या काठावर किंवा वल्ह्यावर टाकावं आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडवावा.

खाडी सोडून धरणाकडे जायचं असेल तर

मोरबे आणि बारवी ही पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, ती सोडून द्या. राज्यातल्या इतर जलाशयांत पाणी आणि जमीन बहुधा जलसंपदा विभागाची, मासे मात्र ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचे. परवानगी दोघांकडून लागते. आधी संस्थेला भेटा, उतरायची वाट तीच दाखवते. तिथे पाणी महिन्यामहिन्याने मागे सरतं. ऑक्टोबरात काठाला लागलेली गाडीवाट मे महिन्यात भेगाळलेल्या गाळात संपते, आणि वरून कोरडा दिसणारा तो गाळ टेम्पोचं चाक खाली ओढतो. गाडी न्यायच्या आधी पूर्ण वाट चालून या, बांबू सोबत ठेवा.