साथीच्या लाटेत हायस्कूल चालवताना या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलोय)

कोविडच्या वेळी आमच्या हायस्कूलात आरोग्याचं सगळं बघायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण काय तर मी सायन्स शिकवतो. सायन्सवाला म्हणजे अर्धा डॉक्टर असा स्टाफरूमचा समज. त्यात जे काही चुकलं ते लिहून ठेवतोय, कारण परत कुठलीही साथ उसळली की पहिल्या आठवड्यात शाळा नेमकं हेच करणार, लिहून घ्या.

मूळ चूक एकच, बाकीच्या तिची पिल्लं. सगळा जोर गेटवर. गेटवर टेम्परेचर गन, गेटवर सॅनिटायझर, गेटवर फोटो, तो फोटो ग्रुपवर, आणि आत वर्गात साठ पोरं खिडक्या लावून बसलेली.

गनचं तर काय सांगू. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनमुळं शाळा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून परत उघडायला राज्यानं परवानगी दिली, स्थानिक प्रशासनावर सोपवून. आमची उघडली तेव्हा शिपाई मामा गन घेऊन उभे. रजिस्टर एकदम झकास भरलेलं, ९३, ९४, ९२, ९३. तीन दिवस मी स्वतः खाली सही करत होतो. चौथ्या दिवशी नववीतलं एक पोरगं म्हणालं, "सर, ९२ म्हणजे मी मेलोय का बे... सॉरी सर." तेव्हा गन हातात घेऊन बघितली तर ती सरफेस मोडवर, म्हणजे भिंतीचं नाहीतर दुधाच्या बाटलीचं तापमान मोजायच्या मोडवर. बटण दाबून बॉडी मोड केला, संपला विषय. तर पहिलं काम हे, रोज सकाळी मामांनी स्वतःवर एकदा गन चालवायची आणि ९७-९८ च्या आसपास आकडा येतोय का बघायचं.

उन्हाळ्यात ह्याच्या बरोबर उलटं होतं. सोलापूरचं मार्चचं ऊन, पोरगी अक्कलकोट रोडवरून सायकल मारत आलेली, कपाळ तापलेलं, गन म्हणते १०१. तिला तिथनंच घरी पाठवायला निघाले होते. दहा मिनिटं लिंबाच्या सावलीत बसवलं, घाम पुसला, परत मोजलं तर ९८. गन कातडीचं तापमान सांगते, आतल्या तापाचं नाही, म्हणून शंका आली की सावलीत बसवा आणि काखेतल्या साध्या थर्मामीटरनं खात्री करा. आणि आकडा नॉर्मल आला म्हणजे पोरगं बरं आहे असंही नाही, लक्षणं नसलेलं पोरगंही साथ पसरवतं.

आता खरी गंमत. ताप असलेली पोरं गनला सापडतच नाहीत, कारण आया सकाळी सहाला पॅरासिटामॉल देऊन पाठवतात. चार-सहा तास ताप खाली, दुपारी मधल्या सुट्टीनंतर पोरगं बेंचवर डोकं टाकून पडलेलं. आईला दोष देऊ नका. तिला माहीत असतं की हजेरी कमी पडली तर शाळा बोलवून घेणार, दहावीचं असेल तर अंतर्गतचे २० मार्क डोक्यात असतात, आणि स्नेहसंमेलनात पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र आपणच टाळ्या वाजवून वाटतो! आम्ही त्या वर्षी ते प्रमाणपत्र बंद केलं, आणि ताप-खोकला असेल तर घरी राहा, हजेरीचा त्रास होणार नाही, राहिलेलं प्रॅक्टिकल नंतर घेऊ असं लेखी दिलं. तोंडी सांगून काही होत नाही, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो, मग आया विश्वास ठेवतात. गेटवरच्या सगळ्या तामझामापेक्षा ह्या एका कागदानं जास्त काम केलं असं माझं मत आहे.

हा कागद मराठीत काढून मोकळं होऊ नका. आमच्याकडं पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडची पोरं घरी कन्नड बोलणारी, शिवाय उर्दू. पोराला मराठी येतं पण घरातल्या मोठ्यांना वाचता येईलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे दहावीतल्याच पोरींकडनं त्या त्या भाषेत तीस सेकंदांचा ऑडिओ करून घ्या आणि पालकांच्या ग्रुपवर टाका.

मधेच आजारी पडलेल्या पोराचं काय करायचं हेही आधी ठरवून ठेवा. आम्ही एकाला लॅबच्या मागच्या सामानाच्या खोलीत बसवलं, दार लोटून, एकट्याला. ते रडायलाच लागलं. हवेशीर खोली पाहिजे, नाहीतर सरळ व्हरांडा, त्याला चांगला मास्क, दार उघडं आणि नजरेसमोर एक माणूस, तोही मास्क लावलेला. फोन नंबर दोन ठेवा. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, बाबा यंत्रमागावर, त्या खडखडाटात फोन कुठला ऐकू येतोय. दुसरा नंबर शेजारच्या काकूंचा नाहीतर रिक्षावाल्या काकांचा घ्या.

खिडक्यांचं बोलू. कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतनं पसरतो, त्यामुळं बेंच पुसत बसण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडणं महत्त्वाचं. एका बाजूची खिडकी उघडली तर हवा फिरत नाही, दोन बाजू पाहिजेत. नुसता पंखा लावला तर तो तीच हवा घुसळतो. कॉम्प्युटर लॅबचा एसी बंद ठेवा नाहीतर खिडकी उघडी ठेवून लावा, बिल वाढेल, वाढू द्या. आणि सगळ्यात बंद खोली कुठली? स्टाफरूम. पोरांना मास्कवरून ओरडणारे आम्ही तिथं चहासाठी मास्क हनुवटीवर घेऊन पाऊण तास गप्पा मारायचो. आमच्याकडं एकामागं एक पाच जण आडवे झाले, पाचही शिक्षक, आणि प्रॉक्सी, म्हणजे त्यांचे तास, कोण घेणार म्हणून दोन वर्ग एकत्र बसवले, म्हणजे परत गर्दी.

डबा हाही तसाच प्रकार. दिवसभर मास्क आणि वीस मिनिटं सगळी पोरं गोल करून, तोंडाला तोंड, एकाच्या डब्यातली शेंगा चटणी सगळ्यांच्या भाकरीवर. बंद करता येत नाही, करूही नये. बाहेर झाडाखाली बसवा, निम्मी आधी निम्मी नंतर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

हात धुण्याचा उपदेश सोपा आहे, पण आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं टाकी कधी भरते त्यावर नियोजन करा आणि जेवणाआधीचं हात धुणं सोडू नका, बाकी वेळेला ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चालतं. आणि बेसिनजवळ टांगलेला तो एक सोलापुरी टॉवेल काढा! गावभर टॉवेल पुरवतो म्हणून साडेपाचशे पोरांना एकच? रुमाल घरून आणू द्या.

फरशी पुसायला हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनवालं जंतुनाशक, १ टक्क्याचं. कॅनवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी, रोज ताजं करायचं. आमच्या मावशींनी जास्त स्वच्छ व्हावं म्हणून त्यात संडासाचं ॲसिड ओतलं होतं, वास आल्यावर सगळे बाहेर पळालो. तो क्लोरीन वायू असतो, जीवावर बेतू शकतं. मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं, चूक आमची. माणसांवर जंतुनाशक फवारायच्या बोगद्यात तर पैसे घालूच नका, केंद्राच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२० मध्येच नको म्हणून सांगितलं होतं.

लसीच्या यादीतही आपटलो. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाला कोव्हॅक्सिन सुरू झाली, अट अशी की जन्म २००७ किंवा त्याआधीचा. आम्ही यादी केली वर्गावार, अख्खी नववी-दहावी. नववीतली २००८ ची पोरं रांगेत दीड तास उभी राहून परत आली. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, काढा आणि जन्मतारखेनं यादी करा, वर्ग बघूच नका. पोरांना खाऊन यायला सांगा, उपाशी पोरं सुई बघूनच चक्कर येऊन पडतात, एक आमच्या क्रीडा शिक्षकांच्या अंगावरच पडला. टोचल्यावर अर्धा तास बसवायचं, आणि दुसऱ्या डोसची २८ दिवसांनंतरची तारीख त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायची, कारण मेसेज ज्या मोबाईलवर येतो तो बाबांबरोबर कामावर असतो.