आधी कूलर बंद करा: न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसोबत ॲक्ट थेरपी वापरताना या चुका टाळा

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नागपूरचा एप्रिल कसा असतो ते वेगळं सांगायला नको. माझ्या खोलीत कूलर सुरू होता, ओल्या गवताचा वास पसरला होता. समोर बसलेला तिशीतला माणूस मिहान या नागपूरच्या उद्योग-परिसरातल्या एका कंपनीत काम करणारा, ऑटिझमचं निदान नुकतंच हाती पडलेला. मी त्याला समजावत होते, "अस्वस्थता आली की तिला ढकलू नका, तिला थोडी जागा द्या." तो माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बघत होता. मी वहीत लिहिलं, 'विषय टाळतोय'.

दहा मिनिटांनी तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या कूलरचा पंप टकटक करून राहिला. मले दुसरं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं."

कूलर बंद केला. ४३ अंशांत, पंख्याखाली घाम पुसत, तो पुढची ४० मिनिटं सलग बोलला. नोकरी, आई, कॉलेजातली वर्षं, सगळं. पुढच्या वेळी येताना रबराचा एक तुकडा घेऊन आला आणि स्वतःच पंपाखाली लावून दिला. वहीतला तो शब्द मी खोडला, पण कागदावर खूण अजून आहे. राहू दिली आहे.

ॲक्ट म्हणजे ॲक्सेप्टन्स ॲण्ड कमिटमेंट थेरपी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून ती उभी केली. नकोशा भावना आणि विचार हाकलण्यात आयुष्य खर्ची घालण्यापेक्षा त्यांना सोबत घेऊन आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दिशेने चालावं, एवढा तिचा गाभा. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं जड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या, म्हणजे ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो अशा न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांना ती उपयोगी पडू शकते. स्वीडनमध्ये ऑटिझम असलेल्या मोठ्यांसाठी तिच्यावर बेतलेला 'न्यूरोॲक्ट' नावाचा गटात घ्यायचा कार्यक्रमही तयार झाला. पण पुस्तकातली थेरपी उचलून जशीच्या तशी लावली तर ती याच माणसांना त्रास देते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

स्वीकार म्हणजे 'जमवून घे' असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

आपल्याकडे 'स्वीकार' हा शब्द कानावर पडला की मागोमाग 'सहन कर', 'ॲडजस्ट कर', 'लोक काय करतात मग?' हे ओघानेच येतं. न्यूरोडायव्हर्जंट माणसाने हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. शर्टाच्या कॉलरमागचा टॅग टोचतो, तर "नाटकं करू नको". पंगतीत चार जण एकदम बोलले की डोकं बधिर होतं, तर "माणसात बस जरा". ही सवय इतकी मुरते की माणूस हात हलवणं दाबतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याचा अभिनय करतो, ठरावीक वाक्यं पाठ करून ऑफिसात जातो. याला मास्किंग म्हणतात. वर्षानुवर्षं ते करून माणूस आतून रिकामा होतो. अशा माणसाला थेरपिस्टनेही "त्रासाला जागा द्या" म्हटलं की त्याला काय ऐकू येतं? आणखी एक जण म्हणतोय, सहन कर.

ॲक्टमधला स्वीकार मनात उमटणाऱ्या गोष्टींचा आहे. भीती, लाज, हळहळ, 'मी असाच का' हा प्रश्न. ट्यूबलाइटच्या फडफडीचा, पंपाच्या टकटकीचा किंवा टोमणे मारणाऱ्या साहेबाचा स्वीकार करायला ती सांगत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या. बदलता येण्यासारखं आधी बदला: जागा, उजेड, आवाज, कामाच्या वेळा. कानात इअरप्लग, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी मेलवर, खिडकीपासून लांबचं टेबल. एवढं करूनही जे उरतं, तिथे स्वीकाराचं काम सुरू होतं. त्या मिहानवाल्याच्या बाबतीत उरलं काय? तर हेडफोन लावल्यावर सहकारी आपल्याला विचित्र समजतील ही लाज. लाजेसोबत बसायला आम्ही शिकलो, आवाजासोबत नाही.

याच चुकीची दुसरी बाजू घरच्यांकडून येते. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि गल्लोगल्ली आरोळी उठते, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'. पुष्कळ आईवडील थेरपीत मारबतच शोधत येतात: आमच्या पोराचं हे जे काही आहे ते एकदाचं घेऊन जा. ऑटिझम किंवा एडीएचडी ही मेंदूची घडण आहे, ती जात नाही आणि ॲक्ट तसा दावाही करत नाही. कमी होऊ शकतो तो स्वतःशी चाललेला झगडा. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून टाका. चार भेटींनंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि वाटणारच.

'शरीरात कुठे जाणवतंय?'

थेरपिस्टचा हा आवडता प्रश्न. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना आपल्या भावनेला नाव देणंच जड जातं, याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. काहींना भूक, तहान, लघवीची भावना, हृदयाची धडधड हे आतले संकेत उशिरा पोचतात किंवा एकदम मोठ्याने आदळतात. अशा माणसाला "छातीत काय होतंय?" विचारलं की तो "माहीत नाही" म्हणतो. तो उत्तर चुकवत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. आपण पुन्हा विचारतो, मग तो आपल्याला बरं वाटावं म्हणून "जड वाटतं" असं काहीतरी बनवून सांगतो. झालं, थेरपीतही मास्किंग.

त्याऐवजी बाहेरून आत या. शेवटचं पाणी कधी प्यालात? काल किती वाजता झोपलात? मोबाइलसारखी तुमची बॅटरी आत्ता किती टक्के? एका बाईंना बॅटरीचा प्रश्न इतका जमला की त्या आता नवऱ्याला व्हॉट्सॲपवर नुसता आकडा पाठवतात. २० आला की त्यांनी समजायचं, आज बाहेर जेवायला जायचं नाही.

नाग नदीवरची पानं

ॲक्टमध्ये एक प्रसिद्ध सराव आहे. डोळे मिटा, वाहत्या ओढ्याची कल्पना करा, प्रत्येक विचार एकेका पानावर ठेवा आणि वाहू द्या. मी तो एका इंजिनिअरिंगच्या मुलाला दिला. त्याने डोळे उघडून विचारलं, "कोणती नदी?"

"कोणतीही."

"आपली नाग नदी घेतली तर पान पन्नीत अडकते ना मॅडम."

मी हसले. तो हसला नाही, त्याची अडचण खरी होती. रूपक त्याने शब्दशः घेतलं होतं आणि शब्दशः घेतल्यावर ते बसत नव्हतं. काहींना तर मनात चित्रच उमटत नाही. त्यांच्यासाठी 'डोळे मिटा आणि कल्पना करा' म्हणजे अंधारात बसा. काहींची बेचैनी डोळे मिटल्यावर वाढते.

उपाय अवघड नाही. रूपक त्या माणसाच्या आवडीतून घ्या. या मुलाला मेट्रोचं वेड. सीताबर्डीला ऑरेंज आणि ॲक्वा लाइन एकमेकींना छेदतात, स्टेशनात उभं राहिलं की गाड्या येतात-जातात. येणाऱ्या प्रत्येक गाडीत बसायचं नसतं, आपल्याला लोकमान्य नगरला जायचं असेल तर खापरीची गाडी जाऊ द्यायची. 'मी नापास होणार' ही खापरीची गाडी. हे त्याने स्वतः जुळवलं, मी फक्त ऐकत होते. रूपकच नको असेल तर विचार चिठ्ठीवर लिहा, स्टीलच्या डब्यात टाका, झाकण लावा. हाताने करायची गोष्ट पुष्कळांना सोपी जाते. सजगतेचा सरावही बसूनच करावा असं कुठे आहे? अंबाझरी तलावाच्या काठाने चालत, पावलं मोजतही तो करता येतो. खुर्चीत बसून पाय हलवत, हातात रबरबँड फिरवतही करता येतो. हात हलतोय म्हणून लक्ष नाही असं धरू नका. बहुतेक वेळा हात हलतोय म्हणूनच लक्ष आहे.

खऱ्या गोष्टीला 'हा फक्त एक विचार आहे' म्हणणं

"ऑफिसात लोक माझ्यावर हसतात." यावर घाईने "हा विचार आहे, त्याच्याकडे लांबून बघा" म्हणू नका. कदाचित ते खरंच हसत असतील. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये एक साधी पण महत्त्वाची गोष्ट मांडली: समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते, ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसाच तो इतरांनाही कळत नाही. तेव्हा आधी तपासा, घडलं काय, कोण काय बोललं. ते खरं असेल तर तिथे एचआर, तक्रार, नाहीतर दुसरी नोकरी हेच विषय येतात. विचारापासून अंतर घेण्याचं तंत्र 'म्हणजे मीच बिनकामाचा' या पुढच्या वाक्यासाठी ठेवा.

हीच गल्लत 'टाळणं' या शब्दाची होते. लग्नात डीजे सुरू झाल्यावर नऊ वाजता घरी निघणं म्हणजे पळ काढणं असेलच असं नाही. मी एकच बघते: निघून गेल्यामुळे पुढचे दोन दिवस उमेद राहिली की जग आणखी आकसलं? वहिनीला भेटून, दोन घास खाऊन निघालेला माणूस काही टाळत नाहीये. लग्नाची पत्रिका बघूनच मोबाइल बंद करणारा कदाचित टाळतोय.

मूल्यं कुणाची?

मूल्यांची यादी करायला दिली की पहिल्या भेटीत बहुधा आईची यादी येते. कुटुंब, स्थैर्य, समाजात मान. मास्किंग करत मोठा झालेला माणूस बरोबर उत्तर ओळखण्यात पटाईत असतो. म्हणून मी यादी देतच नाही. विचारते, वेळेचं भान कधी हरपलं होतं? दुसऱ्याच्या बाबतीत काय घडलं की तुम्हाला चीड येते? एका मुलीचं उत्तर होतं, गल्लीतल्या कुत्र्याला कुणी दगड मारला की. तिथून आम्ही पुष्कळ लांब गेलो.

गृहपाठ केला नाही म्हणजे इच्छाच नाही

एडीएचडी असलेल्या माणसाने आठवड्याचा तक्ता भरून आणला नाही, तर तक्त्यात चूक आहे. थेरपीच्या नावातच 'कमिटमेंट' असल्यामुळे थेरपिस्टला राग लवकर येतो, त्या माणसाला लाज आणखी लवकर येते, आणि तो पुढच्या भेटीला येतच नाही. मी आता कागद देत नाही. दिवसाला एक व्हॉइस नोट, एक मिनिटाची. विसरलात तर विसरलात, आठवेल तेव्हा पाठवा. पाऊल इतकं लहान ठेवायचं की हसू यावं: फाइल फक्त उघडायची, वाचायची नाही. शक्य असेल तर कुणीतरी शेजारी बसावं, काही न बोलता आपलं काम करत. तेवढ्यानेही गाडी सुरू होते.

आणि औषधाचा विषय. मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीसाठी गोळी सुचवली असेल तर ॲक्ट करतोय म्हणून ती बंद करू नका. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

काही अडलं तर

तीन-चार भेटींनंतर माणूस जास्त थकलेला, जास्त गप्प दिसू लागला, पूर्वी जमणारी साधी कामंही जमेनाशी झाली, तर सराव वाढवू नका, थांबवा. हा ऑटिस्टिक बर्नआउट असू शकतो. त्यात आधी झोप, शांतता आणि कमी मागण्या लागतात. नवी कौशल्यं नंतर. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर थेरपीच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

कागदपत्रांचंही इथेच सांगते, कारण विचारणा नेहमी होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहेत, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. त्यामुळे ऑटिझम आणि एडीएचडी अशी दोन्ही निदानं असतील तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑटिझमच्या नावाने होतो.

थेरपिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. मग आणखी दोन प्रश्न. खोलीतला दिवा बंद करता येईल का? आणि मी तुमच्याकडे न बघता बोललो तर चालेल का? कपाळावर आठी आली तर फी भरायच्या आधीच उठा.