मुंबईत राहून सिंफनी आणि ऑपेरा संचालनाची तयारी कशी करावी

सिंफनी वाद्यवृंदाचा किंवा ऑपेराचा (गाण्यांतून सादर होणाऱ्या पाश्चात्त्य नाट्याचा) संचालक होऊ इच्छिणाऱ्याने पहिल्याच दिवशी बॅटन (संचालकाच्या हातातली छडी) विकत घेऊ नये. आधी एखादे वाद्य हाती आणावे. प्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी आदल्याच वर्षी या शहरात बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. तरीही १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेल्यावर झुबिन हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकत असतानाच डबल बास हे मोठे तंतुवाद्यही शिकले, आणि १९५८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकली. व्हायोलिन किंवा चेलो शिकल्याने वाद्यवृंद आतून कळतो. मात्र ऑपेराकडे जायचे असेल तर पियानोला पर्याय नाही.

त्यानंतरचा खरा अभ्यास स्कोअरचा, म्हणजे सर्व वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेल्या संहितेचा आहे, आणि तो एकट्याने, टेबलाशी बसून करावा लागतो. स्कोअरच्या पानावर वरून खाली लाकडी सुषिर वाद्ये, पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि तळाशी तंतुवाद्ये अशी साधारण मांडणी असते. काही वाद्यांचा लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो: बी-फ्लॅट क्लॅरिनेटने ‘सी’ वाजवला की कानावर बी-फ्लॅट पडतो. गायकागणिक काळी एक, पांढरी दोन असा षड्ज बदलणाऱ्या आपल्या हार्मोनियमवादकाला हे फारसे अवघड वाटू नये. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले स्कोअर इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्यांतला एक निवडून प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः गाऊन पाहावी. ध्वनिमुद्रण त्यानंतरच ऐकावे, कारण आधी ऐकले तर दुसऱ्याचाच वेग डोक्यात घर करतो.

हातांच्या अभ्यासासाठी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा सुरुवातीचा तुकडा घ्यावा. तिची सुरुवात स्वराने नव्हे, तर आठव्या हिश्शाच्या विरामाने, म्हणजे क्षणभराच्या शांततेने होते. म्हणजे तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट यांना शांततेतून एकत्र उचलायचे असते, आणि त्यासाठी आधीचा उचललेला हातच वेग, जोर आणि स्वभाव सांगून जातो. आपल्याकडे सम टाळीने दाखवता येते. संचालकाला मात्र सम येण्यापूर्वीच ती सांगावी लागते, नाहीतर वादक त्याच्याकडे पाहणे सोडून एकमेकांकडे पाहू लागतात.

ऑपेरात ही कसरत दुप्पट होते. संचालक वाद्यवृंदासह रंगमंचापुढच्या खोलगट जागेत, गायक रंगमंचावर, आणि गायकाचा श्वास लांबला तर वाद्यवृंदालाही थांबवून धरावे लागते. इटालियन, जर्मन आणि फ्रेंच संहितांचा अर्थ समजला नाही, तर हे थांबणे कोठे योग्य ते कळत नाही. म्हणून तालमींत वाद्यवृंदाऐवजी पियानो वाजवून गायकांना तयार करणाऱ्या रेपेतितरचे काम ही उत्तम पाठशाळा मानली जाते. अनेक संचालक याच वाटेने पुढे गेले आहेत. अचानक मिळणाऱ्या संधीचीही तयारी ठेवावी. १८८६ मध्ये रिओ द जानेरोला चेलो वाजवायला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या तोस्कानिनीला (पुढे विख्यात झालेला इटालियन संचालक) ऐनवेळी ‘आयदा’ या ऑपेराचे संचालन करावे लागले, आणि ते त्याने न पाहता, स्मरणातून केले.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकता येतो. तेथे संचालकाचे हात स्पष्ट दिसतील अशी बाजूची जागा घ्यावी आणि त्या कृतीचा स्कोअर आदल्या आठवड्यात घरी वाचून जावे. प्रत्यक्ष सरावासाठी मोठा वाद्यवृंद मिळणार नाही, हे गृहीत धरावे. वांद्रे किंवा गिरगाव भागातल्या चर्चचे गायकवृंद, किंवा आठ-दहा वादक मित्र, एवढे सुरुवातीला पुरे. परदेशी संगीत महाविद्यालयाकडे अर्ज करताना संचालनाचे चित्रण पाठवावे लागते. त्यासाठी कॅमेरा वादकांच्या मागे, संचालकाच्या चेहऱ्यासमोर ठेवावा. पाठमोऱ्या चित्रणावरून परीक्षकाला फारसे काही समजत नाही.