क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे? कर्ज-सबसिडीच्या मागे लागण्याआधी हे करा

मी कराडात कांदा-लसूण मसाला करून विकते, म्हणजे आमच्याकडे त्याला चटणीच म्हणतात, बाहेरच्यांना सांगताना मसाला म्हणावं लागतं. आधी डंकावर कुटून आणायचे पण मार्च-एप्रिलमध्ये तिथं ही मोठी रांग, म्हणून स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि गेले बँकेत. साहेबांनी विचारलं धंदा किती होतो, म्हटलं सीझनला महिन्याला साठ-सत्तर हजारांचा. म्हणाले दाखवा. आणि दाखवायला काहीच नाही! क्यूआर कोड ह्यांच्या नंबरवर, मिरचीची बिलं ह्यांच्या नावावर, आणि माझ्या खात्यात काय तर गॅसची सबसिडी आणि भावानं भाऊबीजेला टाकलेले दोन हजार. दोन वर्षं मिरच्या भाजून खोकले मी आणि कागदावर धंदा नवऱ्याचा. (नवरा चांगलाय हो, भांडण नाही काही, पण बँकेला त्याच्याशी काय करायचंय.)

तेव्हापासून कुणी विचारलं की बायकांसाठी कुठली योजना चांगली, तर मी आधी हेच विचारते, क्यूआर कुणाचा लावलाय?

तर पहिलं काम ते. तुमच्या नावाचं सिम, तुमच्या नावाचं खातं, त्याचा क्यूआर. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, नाहीतर दुधाचे आणि शाळेच्या फीचे पैसे त्यातच फिरतात आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही धंदा किती झाला ते. रोख येते ती आठवड्यातून एकदा त्याच खात्यात भरायची. आणि वही. शंभर पानी साधी वही चालते, तारीख, काय विकलं, कितीला, मिरची-लसूण-खोबऱ्याला किती गेले, मजुरी किती. स्वतःची मजुरीपण लिहा! मी लिहीत नव्हते, लिहायला लागले तेव्हा कळलं की ज्या पाव किलोच्या पाकिटावर मला वाटायचं 40 रुपये सुटतात तिथं 11च सुटतायत.

काहीजणी घाबरतात की यूपीआय घेतलं की टॅक्स लागतो. 2025 मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या त्यामुळे ही भीती आणखी वाढली. पण महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या आत जीएसटी नंबर लागत नाही. फक्त राज्याबाहेर, म्हणजे बेंगळुरूच्या मावशीच्या सोसायटीत कुरिअरने विकायला लागलात तर ही सूट नाही, तिथं आधी नंबर काढा. इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र टॅक्स शून्य आला तरी भरा. छोट्या धंद्याला विक्रीवरून अंदाजे नफा धरून रिटर्न भरता येतं, यूपीआयने किंवा बँकेतून थेट खात्यात आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के, रोखीच्या विक्रीवर 8 टक्के. बँक पुढे दोन वर्षांची रिटर्न मागते तेव्हा ती तिथल्या तिथं छापून मिळत नसतात.

दुसरं म्हणजे नाव. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पासबुकावर आणखी तिसरंच, मधल्या नावात कधी वडील कधी नवरा. हे सगळं एकसारखं करून घ्या, लग्नाचं सर्टिफिकेट नसेल तर ते आधी काढा. कंटाळवाणं काम आहे, माझे दोन महिने गेले यात, पण अर्ज परत येतात ते बहुतेक याच कारणानं, म्हणून सीझन संपला की लगेच पावसाळ्यात हे उरकून टाकायचं.

आता कागद. खायच्या वस्तूला फूड लायसन्स लागतंच, घरातून विकलं तरी. लहान धंद्याला पूर्ण लायसन्स नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरतं, मी काढलं तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. 14 आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा, सोबत हिरवा ठिपका, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल आणि पत्ता. शॉप ॲक्टचं म्हणाल तर थोडेच कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, हे पूर्ण फुकट आहे, आधार नंबरवर होतं. गूगलवर शोधलं की वर ज्या साइट येतात त्यातल्या कितीतरी सरकारी नसतातच, दीड-दोन हजार उकळतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघायचं, नसेल तर बंद करायची.

पण थांबा, उद्यम काढायची घाई करायच्या आधी हे वाचा, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पीएमईजीपी म्हणून जी केंद्राची योजना आहे ना, पंतप्रधान रोजगार निर्मितीची, आणि राज्याची तशीच मुख्यमंत्री रोजगार निर्मितीची, ती नवीन युनिटला मिळते. आधीपासून चालू असलेल्या धंद्याला नाही, आणि उद्यम काढलं की कागदावर धंदा चालू दिसू शकतो. म्हणजे माझ्यासारखी दोन वर्षं विकत असेल ती बाद. माझ्या धाकट्या जावेला गावाकडं शेवयांचं मशीन टाकायचं होतं, काहीच सुरू नव्हतं, तिला सांगितलं तू आधी अर्ज कर मग बाकीचं. हिशोब असा: प्रोजेक्ट 4 लाखांचा. बाईला स्वतःचे 5 टक्केच घालावे लागतात, म्हणजे 20 हजार. सबसिडी गावात 35 टक्के, शहरात 25. म्हणजे ग्रामपंचायत हद्दीत 1 लाख 40 हजार आणि नगरपालिकेच्या हद्दीत 1 लाख. शेड कुठं टाकायचं हे ठरवताना एवढं गणित करून बघा, कधीकधी पाच किलोमीटरने 40 हजारांचा फरक पडतो.

आणि सबसिडी हातात येत नाही हो! हे कुणी सांगतच नाही. बँक आधी कर्ज देते, सबसिडी बँकेकडे तुमच्या नावानं 3 वर्षं ठेव म्हणून पडून राहते, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि युनिट खरंच चालू आहे हे बघून मग ती कर्जात वळती करतात. मध्येच बंद केलं तर गेली. म्हणून सबसिडीसाठी मशीन घेऊ नका, मशीन लागणार असेल तरच घ्या.

चालू धंदा असेल आणि खायच्या वस्तूचा असेल तर पीएमएफएमई विचारा, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना. मी त्यातूनच घेतलं. यात 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त 10 लाख, स्वतःचे किमान 10 टक्के. माझं डंक, भाजायचं मशीन, पाकीट सील करायचं सगळं मिळून 2 लाख 80 हजार, त्यात 28 हजार माझे. आपल्याकडे ही योजना कृषी खात्याकडे आहे, तालुका कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्ती कोण ते विचारायचं. प्रोजेक्ट रिपोर्ट करायला मदत करणं हे त्यांचं काम आहे आणि त्याचे पैसे त्यांना सरकार देतं, तुम्ही नाही. जो एजंट म्हणेल की 10 टक्के द्या मी मंजूर करून आणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा, चहासुद्धा नको खरंतर.

सबसिडी नको, नुसतं भांडवल हवंय, मिरची सीझनला एकदम भरायचीय, तर बँकेचं मुद्रा कर्ज. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, तारण लागत नाही. बँकेत कुणी दागिने नाहीतर सासऱ्यांच्या नावची जमीन मागितली तर शांतपणे म्हणा, लेखी द्या. एवढ्यावर बऱ्याच वेळा गाडी हलते. गल्लीत येऊन हप्ते गोळा करणाऱ्यांचं गटावर दिलेलं कर्ज लगेच मिळतं हे खरं, पण व्याज 20 टक्क्यांच्या वर सहज जातं आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणींचं तोंड बघावं लागतं.

शिकायचं असेल तर आरसेटीला, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जा, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात असतं, बँका चालवतात, शिकवणं फुकट आणि राहणं-जेवणही फुकट. आमच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशन आहे, चेतना सिन्हांचं, त्यांची बायकांची बँक 1997 पासून आहे, आणि आधी तिचा परवाना नाकारला होता कारण कितीतरी बायकांनी अर्जावर अंगठे उठवलेले. आता त्यांची बिझनेस स्कूलची बस गावोगाव फिरते. बचत गटात असाल तर उमेद किंवा माविम, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था, दोन्हींच्या ताईंचे नंबर घेऊन ठेवा, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात, स्टॉल तिथूनच मिळतो. सरसला एकदा जाऊन या, विकायला नाही तर बघायला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार दिवसांत एवढं कळलं की मुंबईकरांना 100 ग्रॅमची पाकिटं लागतात, आणि मी अर्धा किलोच्या बरण्या घेऊन बसलेली!

एक शेवटचं, उधारी. एका दुकानदाराकडे माझे 18 हजार पाच महिने अडकले, रोज उद्या या उद्या या. तेव्हा माहीत झालं की स्वतः माल बनवणाऱ्या उद्यमधारकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांतच, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते. मात्र माल देण्याच्या आधी उद्यम काढलेलं पाहिजे, आणि बिल पाहिजे, नुसतं वहीत लिहिलेलं नाही. म्हणून ज्यांना नवीन युनिटची योजना घ्यायची नाहीये त्यांनी उद्यम आजच काढा. माझं तक्रारीपर्यंत गेलं नाही, मी फक्त त्याला व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला, खाली उद्यम नंबर आणि 45 दिवस कधी संपले ती तारीख. तिसऱ्या दिवशी 18 हजार आले, माझ्या क्यूआरवर.