टिक्की फुटते ती पाण्यामुळे: कोळंबी-माशांच्या टिक्क्या करताना या चुका टाळा

टिक्की उलटायला गेलं की अर्धी उलथन्यावर येते आणि अर्धी तेलातच राहते. मग हात जातो तो ब्रेडच्या चुऱ्याकडे. मीही बरीच वर्षं तेच केलं. टिक्क्या फुटायच्या थांबल्या, पण खाताना कोळंबी शोधावी लागायची! खरा दोष पाण्याचा होता.

फ्रीझरमधली कोळंबी वितळताना भरपूर पाणी सोडते. ती रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून वितळू द्या, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून दाबा. फडकं ओलंचिंब झालं तर दुसरं घ्या. कांदा घालणार असाल तर त्यालाही मीठ लावून घट्ट पिळा.

दुसरी चूक म्हणजे सगळी कोळंबी मिक्सरमधून काढणं. तशी टिक्की रबरासारखी लागते. साधारण तिसरा हिस्सा मीठ घालून वाटा, उरलेल्याचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा. मग सगळं एकत्र करून हातानं दोन-तीन मिनिटं चांगलं मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि आधी सुटंसुटं असलेलं मिश्रण बोटांना चिकटून ओढलं जाऊ लागतं. इथवर आलात की चुरा चमचाभरही पुरतो. कच्च्या माशालाही हेच लागू. शिजलेला खेकडा किंवा उकडलेला मासा मात्र असा धरत नाही, तिथे अंडं हवंच.

दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या टिक्क्या थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. त्याआधी सुपारीएवढा गोळा तळून चव बघा. कच्चं मिश्रण चाखायचं नाही.

तवा नीट तापू द्या, आच मध्यम ठेवा आणि टिक्क्यांमध्ये बोटभर जागा सोडा. गर्दी केली की त्या तळल्या जाण्याऐवजी वाफेवर शिजतात. टाकल्यावर तीन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की ती बहुतेक वेळा आपणच तवा सोडते. चिकटलीय असं वाटलं तर ती अजून तयार नाही. काढल्यावर कागदापेक्षा जाळीवर ठेवा, नाहीतर खालून नरम पडेल.

सॉसची चूक साधी असते: तो नुसता चाखून चांगला लागला की आपण थांबतो. टिक्कीत मीठ आहे, तळणीचं तेल आहे, त्यामुळे सॉस एकटा चाखताना जरा जास्तच आंबट लागायला हवा. लिंबाचा रस, मिरची, लसूण आणि साखर घेतलीत तर साखर आधी चमचाभर गरम पाण्यात विरघळवा, नाहीतर ती तळाशी बसते. आणि वाटी बाजूला द्या. वरून ओतलात तर कुरकुरीतपणा पाच मिनिटांत गेलाच म्हणून समजा.