लोककथांवर गेम लिहिताना फाट्यांचा हिशेब आधी करा

लोककथांवर बेतलेला छोटा इंडी (मोठ्या कंपनीविना, स्वतंत्रपणे केलेला) गेम करू पाहणाऱ्यांना ट्वाईन किंवा इंकसारखी, खेळाडूच्या निवडीनुसार पुढे सरकणाऱ्या कथा लिहिण्याची साधने बहुधा हाताळता येतात, त्यामुळे त्यांविषयी इथे लिहीत नाही. मला ज्या गोष्टीने दीर्घकाळ अडवून ठेवले आणि जिची आजही नवी कथा सुरू करताना धास्ती वाटते, ती म्हणजे कथेला फुटणारे फाटे.

प्रत्येक वळणावर खेळाडूला दोन पर्याय दिले आणि ते फाटे पुन्हा एकत्र आणलेच नाहीत, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट तयार होतात. पहिल्या प्रसंगापासून मोजल्यास एकूण २,०४७ प्रसंग लिहावे लागतात. प्रत्येक प्रसंग दीडशे शब्दांचा धरला, तर मजकूर तीन लाख शब्दांच्या पुढे जातो आणि एका खेपेत खेळाडू त्यातले फक्त अकरा प्रसंग, म्हणजे साडेसोळाशे शब्द वाचतो. चौथ्या वळणापर्यंत एकतीसच प्रसंग होतात, काम आटोक्यात वाटते, आणि म्हणूनच हा सापळा वेळेवर दिसत नाही. एकट्या लेखकाच्या हातून असा गेम पूर्ण होणार नाही, हे स्पष्टच सांगते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण लोककथेचा सांगाडा टिकतो आणि तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, हा तिचा स्वभावच इथे उपयोगी पडतो. फाटे दोन-तीन प्रसंगांनंतर मूळ कथेत परत आणावेत आणि खेळाडूची निवड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमने लक्षात ठेवलेल्या नोंदीत, नोंदवावी. त्याने वाटसरूला आसरा नाकारला असेल, तर पुढे नदीकाठचा नावाडी त्याच्याशी वेगळ्या स्वरात बोलेल. प्रसंग एकच राहील, पण त्याचा अर्थ बदलेल. २०१८ सालच्या ‘व्हेअर द वॉटर टेस्ट्स लाइक वाइन’मध्ये अमेरिकेत भटकणारा खेळाडू गोष्टी गोळा करून इतरांना सांगतो आणि तोंडोतोंडी फिरताना त्या गोष्टी बदलत जातात. ही देवाणघेवाणच त्या खेळाचा गाभा आहे.

एखाद्या संग्रहातून कथा उचलून फक्त नावे बदलण्याचा जवळचा रस्ता मला मुळीच मान्य नाही. २०१४ सालचा ‘नेव्हर अलोन’ अलास्कातील इन्युपियाक समाजाच्या सहभागातून घडला आणि त्याचे निवेदनही त्यांच्याच भाषेत आहे. त्यामागचे कष्ट टाळता येण्यासारखे नाहीत. सल्लाही ज्याने एक तरी छोटा गेम शेवटपर्यंत नेला आहे, त्याचाच घ्यावा.

पहिल्या प्रयत्नासाठी एक कथा, तीन निवडी आणि दोन शेवट पुरेसे आहेत. प्रत्येक वाट मोठ्याने वाचून पाहा. नोंदवलेली निवड पुढे कुठेच जाणवत नसेल, तर ती काढून टाका.